कडक काय नको

"सभा हाय. कडक काय नको."

असं म्हणत मामा सभागृहातल्या लांब टेबलांवरचे पेपरवेट उचलायचे. काचेचे, पोटात रंगीत फूल असलेले, प्रत्येक सदस्यापुढे एक. ते सगळे त्यांच्या काखेतल्या खाकी पिशवीत जायचे. मग पाण्याचे काचेचे पेले जाऊन कागदी यायचे. मग फुलदाणी जायची, मग अध्यक्षांपुढची पितळी घंटा. शेवटी स्टुलावर चढून मामा भिंतीवरचं घड्याळही उतरवायचे, कारण एकदा ते कुणीतरी चप्पल मारून पाडलं होतं. सभा सुरू होण्याआधी सभागृह असं व्हायचं की माणसाला माणूस मारायचाच तर रिकाम्या हातांनी मारावा लागेल. मामांच्या हातात होतं तेवढं त्यांनी केलेलं असायचं.

मी तिथे सभालिपिक होतो. सभेत कोण काय बोललं ते लिहायचं, आणि कोण काय बोललं ते लिहायचं नाही, या दोन्ही कामांचा मला एकच पगार होता. नगरपरिषद कुठली ते सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली, एवढं पुरे. गावाचं नाव सांगितलं की लोक लगेच तिथे सत्ता कुणाची ते विचारतात, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो माणूस बाजूलाच राहतो.

मामा मूळचे मंडणगड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतले. विशीत इकडे आले, आधी सफाईकडे लागले, मग शिपाई झाले. बुटके, रुंद खांद्यांचे, मान जवळजवळ नाहीच. तरुणपणी कबड्डी खेळत असत. सगळं ऑफिस त्यांना मामा म्हणायचं, मुख्याधिकारीसुद्धा. मला ते भाऊसाहेब म्हणायचे, मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असूनही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी पहिली मारामारी पाहिली. स्टँडसमोरच्या टपऱ्यांचा विषय होता. एका सदस्याने विषयपत्रिकेचा बोळा करून दुसऱ्याच्या तोंडात कोंबला. दुसऱ्याने माईक उपटला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. रक्त माझ्या वहीवर उडालं. मी खुर्ची मागे सारून भिंतीला चिकटलो होतो. मामा ओलं फडकं घेऊन आले, टेबल पुसलं, टेबलाखाली वाकले आणि काहीतरी उचलून कागदात गुंडाळून त्या जबडा धरलेल्या सदस्याच्या हातात दिलं. "अकरा ब, हा तुमचा," म्हणाले. दात होता.

त्या संध्याकाळी इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा हेडक्लार्कनी मला आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य शिकवलं. 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन विषय तहकूब करण्यात आला.' पुढे मी हे वाक्य इतक्यांदा लिहिलं की झोपेतही लिहू शकेन. मामा कपबशा गोळा करताना माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि विचारायचे, "भाऊसाहेब, आज साधक किती नि बाधक किती?" मी बोटं दाखवायचो. दोन साधक, चार बाधक, एक टाका.

अकरा ब म्हणजे काय, ते सांगायला हवं. मामा कुठल्याच सदस्याला नावाने हाक मारत नसत. साहेब नाही, दादा नाही, भाई नाही. वॉर्डाचा नंबर. मी येण्याआधीच प्रभागात दोन-दोन सदस्य झाले तेव्हा त्यांनी अ आणि ब लावून घेतलं. "सहा अ, चहा." "सात ब, तुमची छत्री." नवीन निवडून आलेल्यांना ते लागायचं. गळ्यात हार घालून मिरवून आलेल्या माणसाला शिपायाने कैद्यासारखं नंबराने बोलवावं, हे कुणाला आवडेल? एकाने मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार केली. मामांना बोलावून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नाव बदलतं, पक्ष तर बदलतोच बदलतो. वॉर्ड तितंच ऱ्हातो." तक्रार करणारे सदस्य त्या पाच वर्षांत तीन पक्ष फिरून आले होते. त्यांनी तक्रार मागे घेतली.

पूर्वी सदस्य वॉर्डाच्या क्रमाने बसत. पाचशेजारी सहा, सहाशेजारी सात. मामांना ते पसंत होतं. सहाचं सांडपाणी सातमध्ये उतरतं, तर सहाने सातच्या मांडीला मांडी लावूनच बसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग गटनेते आले आणि टेबलं समोरासमोर दोन रांगांत लावायचा हुकूम आला. इकडे एक बाजू, तिकडे दुसरी, मधे सहा फूट फरशी. मामांनी टेबलं लावली, मधे उभं राहून दोन्हीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "आता नेम धराया सोपं."

खरं सांगतो, ते बोलले तसंच झालं. शेजारी बसलेल्या माणसाला माणूस कोपराने ढोसतो, फार तर कॉलर धरतो. समोर बसलेल्याला तो फेकून मारतो.

आमच्या इतिवृत्ताच्या वहीत पक्षाचा रकाना नाही. तुम्ही कुठल्याही नगरपरिषदेत जाऊन बघा. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव काय, संपलं. गटार कुठल्या पक्षाचं हे लिहायला जागाच ठेवलेली नाही. ज्याने तो नमुना ठरवला त्याला माणसांवर फारच विश्वास असावा. आमच्या सभागृहात मात्र गटारापासून दिव्याच्या खांबापर्यंत प्रत्येक वस्तूला पक्ष होता. खांबावर दिवा लागला की एका बाजूचे फटाके लावायचे आणि दुसऱ्या बाजूचा कुणीतरी त्या आठवड्यात दगड मारून दिवा फोडायचा.

एकदा सहा अ टेबलावर चढले. तरणाबांड गडी, बिल्डरांच्या उठबशीतला, आवाज मोठा. समोरच्या रांगेत सात ब बसलेल्या. त्या काहीतरी बोलल्या ते याच्या बापावरून होतं. हा टेबलावरून त्यांच्या अंगावर उडी घेणार, तेवढ्यात मामा कुठून आले कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सहा अ चे घोटे धरले आणि मागे ओढले. ती कबड्डीतली पकड होती. सहा अ तोंडावर टेबलावर, मग पोटावर घसरत खाली फरशीवर. मामांनी त्यांना उठवून बसवलं, शर्टाची कॉलर सरळ केली, सुटलेलं बटण लावलं. "सहा अ, बसा," म्हणाले. सहा अ बसले. सात ब हसायला लागल्या तर त्यांच्याकडे वळून, "सात ब, तुमीबी बसा." त्याही बसल्या. त्या दिवशी एक ठराव मंजूर झाला.

सात ब या शिक्षिका होत्या. बोलायला फटकळ, हात त्याहून फटकळ. दोघंही वाईट नव्हती. हे मी आज म्हणतो, तेव्हा म्हटलं नसतं.

आता विषय क्रमांक चार.

आमचं गाव बघता बघता शहर झालं. चौपदरी रस्ता आला, एमआयडीसीत शेड वाढल्या, सड्यावर जिथे गुरं चरत तिथे सात-सात मजल्यांच्या इमारती आल्या. त्या इमारतींसाठी जी माती खणली ती कुठे टाकायची? पऱ्यात. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. आठ महिने कोरडा, चार महिने रेडा. सहा नंबरात वरच्या बाजूला भराव पडत गेला, पऱ्या अरुंद झाला, आणि खाली सात नंबरात पावसाचं पाणी काठ सोडून घरांत शिरू लागलं. एक वर्ष गुडघ्यापर्यंत, पुढच्या वर्षी कमरेपर्यंत. मग एका रात्री पाण्याने एका घराची चिऱ्याची भिंत आतल्या अंगाला ढकलली. आत निजलेल्या बाईच्या पायावर चिरे पडले. माणसांनी छातीभर पाण्यात उभं राहून हातांनी चिरे उपसले, तेव्हा पाय सुटला, पण मांडीचं हाड राहिलं नाही.

उपाय सगळ्यांना ठाऊक होता. वरचा भराव काढायचा आणि दोन्ही काठांना संरक्षक भिंत बांधायची. तो विषय क्रमांक चार. सहा अ म्हणायचे, भिंत घ्या, पण भरावाला हात लावायचा नाही आणि पाटीवर आमच्या नेत्याचं नाव. सात ब म्हणायच्या, आधी भराव काढा, पाटी आमची. त्या बाईचा मोडलेला पायसुद्धा सभागृहात दोन्ही बाजूंनी ओढला गेला. सलग पाच सभांमध्ये विषय चार आला आणि पाचही वेळा मी तेच वाक्य लिहिलं. मामा दर वेळी खांद्यावरून वाकून बघत. या एका विषयाच्या वेळी त्यांनी साधक-बाधक कधी विचारलं नाही. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही.

सहावी सभा मे महिन्यात होती. पावसाला महिना राहिला होता. त्या दिवशी नवीन मुख्याधिकाऱ्यांचं स्वागत होतं, म्हणून मी शाली आणि तीन नारळ आणून अध्यक्षांच्या टेबलावर ताटात मांडले होते. शेंडीवाले, चांगले मोठे. मामा पिशवी घेऊन आले. पेपरवेट गेले, पेले गेले, घंटा गेली. मग त्यांचा हात ताटाकडे गेला.

"भाऊसाहेब, ह्येबी कडकच हाय."

मी हसलो. म्हणालो, "मामा, नारळ आहे तो. नारळ कोण कुणाला मारणार?"

मला दोष द्या, पण माझ्या डोक्यात ते खरोखरच येत नव्हतं. लहानपणापासून आम्ही नारळ देवापुढे ठेवतो, समुद्राला देतो, होडीला देतो, घराच्या पायाभरणीला देतो. पायाने त्याला कधी स्पर्श करत नाही. मला ताटात श्रीफळ दिसत होतं. मामांना शेंडी असलेली टणक वस्तू दिसत होती, आणि बरोबर दिसत होतं. त्यांनी ताटावरचा हात मागे घेतला. मग म्हणाले, "तुमी म्हनता तर ऱ्हाऊ दे."

स्वागत झालं, नारळ पुन्हा ताटात आले. विषय एक, दोन, तीन झाले. चार आला.

सहा अ म्हणाले की मोडलेला पाय हा विरोधकांचा निवडणुकीचा पाय आहे. हे वाक्य जसंच्या तसं आहे. मी तेव्हा लिहिलं नाही, आज लिहितो. सात ब उठल्या आणि मधली सहा फूट फरशी ओलांडून आल्या, त्यांनी सहा अ च्या थोबाडीत मारली. दोन्ही रांगा उठल्या. टेबलं उलटली. कुणाचा शर्ट फाटला, कुणाचा चष्मा पायाखाली गेला, एका बाईंच्या केसांना धरून कुणी ओढत होतं आणि त्या त्याच्या मनगटाला चावत होत्या. माणसं काहीतरी शोधत होती. हातात घ्यायला काहीतरी. टेबलांवर काहीच नव्हतं. मग दोघांनाही एकाच वेळी ताट दिसलं.

सहा अ नी एक नारळ शेंडीला धरून उचलला. सात ब नी दुसरा. मामा मधे घुसत होते, हात पसरून, "बसा, बसा" म्हणत. दोन्ही नारळ एकाच वेळी सुटले. एक भिंतीवर जाऊन फुटला आणि पाणी खाली ओघळलं. दुसरा मामांच्या डाव्या डोळ्यावर बसला.

तो आवाज मी विसरलेलो नाही. कुणीच विसरलं नसावं, कारण सगळी सभा त्या आवाजावर थांबली. मामा पडले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले, एका हाताने चेहरा धरला आणि दुसऱ्या हाताने फरशीवर चाचपून लोळत गेलेला तो नारळ शोधला. तो त्यांनी पिशवीत टाकला. मग ते आडवे झाले.

रत्नागिरीला सिव्हिलला नेलं. डोळा काढावा लागला.

त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पोलिसात एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या. नारळ तुमचा की आमचा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर एकट्या मामांना माहीत असणार, कारण नारळ त्यांच्या समोरून आला होता. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला दवाखान्याच्या वॉर्डात आले. मी तिथेच होतो. मामा म्हणाले, डोकं दुखतंय, नंतर या.

दुपारी सहा अ आले, सफरचंदं घेऊन. इतका मोठा माणूस, पण कॉटच्या पायथ्याशी उभा राहिला. नारळ माझा नव्हता ना मामा, असं त्याने तीन वेळा विचारलं. त्याला स्वतःला माहीत नव्हतं. संध्याकाळी सात ब आल्या. शहाळं घेऊन आल्या. मामांनी उरलेल्या डोळ्याने ते बघितलं आणि म्हणाले, "सात ब, ते खाली ठेवा." बाईंना आपण काय आणलं ते कळलं आणि त्या तिथेच तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

दोघांनाही मामांनी एकच सांगितलं, वेगवेगळं, अगदी हळू आवाजात.

"मला आत्ता आठवत न्हाय. विषय चार झाला की आठवल."

मी दोन्ही वेळा तिथे होतो. पहिल्यांदा मला वाटलं भूल उतरली नसेल. दुसऱ्यांदा कळलं की मामांचं डोकं माझ्यापेक्षा शंभरपट ठिकाणावर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची हत्यारं गोळा करून पिशवीत टाकणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच एक हातात धरलं होतं.

सहा दिवसांनी त्यांना सोडलं. ऑफिसच्या गाडीने मी त्यांना घरी पोचवायला गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. गाडी बाजार सोडून उतरली, सात नंबरात शिरली आणि पऱ्याच्या काठाने जात थांबली. एका बाजूची भिंत नवीन चिऱ्यांची, गिलावा नसलेली. बाकीच्या भिंतींवर माझ्या छातीच्या उंचीला गढूळ पाण्याची तांबडी रेघ. रेघेच्या वर फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. दारात मामी उभ्या होत्या, काठीवर. त्यांचा एक पाय जमिनीला लागत नव्हता.

मी रजेचे अर्ज बघणारा माणूस. मागच्या पावसाळ्यात मामांनी चार दिवस रजा घेतली होती, कारण 'घरगुती'. मी मंजुरीला पाठवली होती. ज्या पायावरून सभागृहात सहा सभा ओढाताण झाली, तो या घरातला होता, आणि ती चालू असताना हा माणूस ट्रे घेऊन दोन्ही रांगांना चहा देत होता.

मला राग आला. त्यांचाच. मी ओरडलोच जवळजवळ, की मामा, एकदा तरी बोलायचं, सात ब ना सांगायचं, त्या तुमच्या नगरसेविका.

"शिपायाला वॉर्ड नसतो, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि मामींना चहा ठेवायला सांगितला.

त्यानंतर चौथ्या दिवशी विशेष सभा भरली. मामांना रजा होती, तरी ते आले. डोळ्यावर पट्टी, काखेत पिशवी. एका डोळ्याने अंतर कळत नव्हतं, पेपरवेट उचलताना हात बाजूला पडत होता. पण सगळे उचलले. मग दाराशी स्टूल घेऊन बसले. सदस्य एकेक करून त्यांच्यासमोरून आत गेले. विषय एकच होता. भराव काढणे व दोन्ही काठांना भिंत बांधणे. सूचक सहा अ, अनुमोदक सात ब. पाटीचं नाव कुणी काढलं नाही. एकमताने मंजूर. वीस मिनिटं लागली आणि मी इतिवृत्तात साधकबाधक हा शब्द लिहिला नाही.

दुपारी मामांनी पोलिसांना जबाब दिला. दोन्ही बाजूंची माणसं ठाण्याबाहेर उभी होती. हवालदारांनी विचारलं, नारळ कुठल्या पक्षाच्या माणसाने मारला?

"नारळावर चिन्न न्हवतं," मामा म्हणाले. तेवढंच लिहून त्यांनी सही केली.

प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण वरून विचारणा आली, की सभागृहात कठीण वस्तू राहिल्याच कशा. जबाबदारी निश्चित करायची होती. मामांना विचारलं, ते म्हणाले, माझ्याकडून राहिल्या. त्यांच्यावर कारणे दाखवा नोटीस निघाली. ती मी टाइप केली. 'आपल्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द मी माझ्या या बोटांनी टाइप केले आणि डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाच्या हातात देऊन पोच घेतली. त्यांना खुलासा लिहिता येईना, तर तोही मीच लिहून दिला. 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' खाली सही त्यांची.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो की मामा, नारळ मी ठेवायला सांगितले होते, हे मी उद्या साहेबांना सांगतो. खूप उशिरा आलेली हिंमत होती ती. मामा पऱ्याकडे तोंड करून बसले होते.

"तुमच्यावर नोटीस निघाली तर ठरावाचं कागद पुढं कोन पाठवनार?" ते म्हणाले. "पाऊस आलाय जवळ. मंजुरी आना आधी."

मी मंजुरी आणली. एवढं काम मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदासाठी केलं नाही. रत्नागिरीला तीनदा, मुंबईला दोनदा गेलो. त्या वर्षी पावसाआधी भराव तेवढा निघाला. भिंतीचं काम पाऊस सरल्यावर सुरू झालं. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे नेते आले होते, जेसीबीला हार होता, आणि पाटावर पाच नारळ मांडले होते. मामा सगळ्यांच्या मागून पुढे आले, वाकले, आणि एकेक करून पाचही नारळ पिशवीत टाकले. नेत्यांनी एकमेकांकडे बघितलं. सहा अ मान खाली घालून उभे होते. सात ब म्हणाल्या, "सुरू करा." आमच्या शहरात नारळ न फोडता सुरू झालेलं ते पहिलं काम असावं.

मामा निवृत्त झाले. पुढे सदस्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. सभागृहाला कुलूप लागलं. साहेब एकटे बसून सही करायचे, ठराव व्हायचा. ना आवाज, ना रक्त. मला सुरुवातीला बरं वाटलं. मामा महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. एकच प्रश्न, सभा कधी हाय? मी म्हणायचो, मामा, सभा नाही हेच बरं, एक डोळा गेला तो पुरे. त्यांना ते पटायचं नाही. "भांडाया का होईना, सहा नि सात एका खोलीत बसायचे," म्हणायचे. "आता कुनाला सांगायचं पानी आलं म्हनून?" दरम्यान वर आठ नंबरात दुसऱ्या एका पऱ्यात भराव पडू लागला होता. साहेबांच्या टेबलावर तो कागद होता. त्या कागदावर पेपरवेट होता.

भिंतीनंतर सात नंबरात पाणी शिरलं नाही. मामा गेले ते भर पावसात, पण घर कोरडं होतं. मी पोचलो तेव्हा सहा अ आणि सात ब दोघंही ओसरीवर बसलेले होते, शेजारी शेजारी. मामींनी मला आत बोलावून ती खाकी पिशवी दिली. म्हणाल्या, "भाऊसाहेबांना द्या म्हनले व्हते."

शेवटी निवडणुका झाल्या. नवीन सदस्य आले, बरेचसे तरुण. पहिल्या सभेच्या दिवशी मी लवकर गेलो. आता मी कार्यालय अधीक्षक आहे, हे काम माझं नाही. टेबलं पुन्हा समोरासमोर लावलेली होती, नवीन पेपरवेट, नवीन पेले, आणि अध्यक्षांसमोर ताटात सत्काराचे नारळ. मी पिशवी काढली. पेपरवेट घेतले, पेले घेतले, घंटा घेतली. मग ताटाकडे वळलो.

नवीन सात ब दारातून आत येत होती. पंचविशीची मुलगी, गळ्यात अजून हार. तिने मला नारळ पिशवीत टाकताना बघितलं आणि हसली.

"अहो साहेब, नारळ आहे तो," ती म्हणाली. "नारळ कोण कुणाला मारणार?"

तिला सांगण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. मी शेवटचा नारळ शेंडीला धरून उचलला, पिशवीत टाकला. पिशवी खांद्याला ओढत होती.

"सात ब, बसा," मी म्हणालो. "सभा आहे."